आता तुम्ही नाचा

"याला साडी नेसवा रे. मग वाजवू दे."

असं नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला. रेशमाचा मोठा व्यापारी. आमच्यासारखाच पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेला, मराठी बोलणारा. वरात निम्म्या रस्त्यात थांबली होती. आम्ही भाड्याचे बँडवाले. लाल कोट, पितळी बटणं. मी ट्रम्पेट वाजवायचो, माझा धाकटा भाऊ रघू साइड ड्रम. वाजवताना त्याची कंबर हलायची, मान एका बाजूला कलायची. त्याला ते कळायचंही नाही. लोकांना कळायचं.

घरातून हिरवी साडी आली. चौघांनी रघूला धरलं आणि कोटावरूनच गुंडाळली. गच्चीवरच्या बायका हसत होत्या. व्यापाऱ्यानं माझ्याकडे बघून हवेत बोट फिरवलं. म्हणजे नाचाची चाल वाजव.

रघूनं माझ्याकडे बघितलं.

मी वाजवलं.

हे दोन शब्द लिहायला मला बावन्न वर्षं लागली.

रघू नाचला नाही. त्यानं पट्टा काढला, ड्रम रस्त्यात ठेवला. साडी सोडली, नीट घडी घातली, ड्रमवर ठेवली. व्यापाऱ्याला म्हणाला, "आता तुम्ही नाचा." आणि चालू लागला.

मी त्याच्यामागे गेलो नाही. वरात पुढे गेली. मांडवामागे, खरकट्या भांड्यांपाशी बसवलं तिथं बसून मी जेवलोसुद्धा. घरी आलो तर रघू उंबऱ्यावर बसलेला. "अण्णा," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "बायल्यासारखा वाजवतोस, म्हणून होतं हे."

व्यापाऱ्यानं हा शब्द वापरला नव्हता. मी वापरला.

सकाळी रघूची पिशवी खुंटीवर नव्हती. तो परत आला नाही. मी शोधलं नाही. कुणी विचारलं तर मुंबईला कामाला लागलाय, असं सांगायचो.

पुढे माझं लग्न झालं. बायकोला ही गोष्ट सांगताना ड्रमचं ट्रम्पेट झालं आणि 'त्यानं ठेवला'च्या जागी 'मी ठेवलं' आलं. एवढंच बदललं. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, की ते मला मागे घेता येईना. मग मुलाला तेच सांगितलं. मग नातीला, अनूला.

अनू येलहंकाच्या आमच्या घरात वाढली. डब्यावर दोन चमच्यांनी ठेका धरायला मी तिला शिकवलं. ठेका रघूचा. तेही सांगितलं नाही. आज ती सर्जापूर रोडला राहते, नागपूरच्या तन्वीबरोबर. दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे. तिनं ते घरी सांगितलं त्या दिवसापासून माझा मुलगा तिच्याशी बोलत नाही. तेव्हा ती माझ्याकडे आली होती. "अज्जा, तुम्ही रघूअज्जांसाठी भर वरातीत उभे राहिलात. माझ्यासाठी राहाल ना?"

मी म्हटलं, "सरी. राहीन."

माझ्या खोट्यावर विसंबून ती पोर इतके दिवस उभी आहे.

गेल्या महिन्यात दोघी आल्या, हातात कॅसेट. हल्ली पुन्हा निघतात म्हणे. त्यांचा चौघांचा बँड आहे, सगळे त्यांच्यासारखेच. हा पहिला अल्बम.

"अज्जा, आवाज स्वल्प मोठा आहे हं," अनू म्हणाली.

"हे स्वल्प?" मी विचारलं. पत्र्याच्या डब्यात खिळे भरून हलवावेत तसं काहीतरी सुरू झालं होतं.

"आजोबा, पंक आहे हे," तन्वी म्हणाली. "सुरात गायलं तर बँडमधून काढतात न बाप्पा!"

आम्ही हसलो. आणि त्या गोंगाटाखालून रघूचा ठेका आला. जसाच्या तसा.

मी कव्हर हातात घेतलं. अल्बमचं नाव, 'आता तुम्ही नाचा'. आत छापलं होतं: 'हे शब्द आमच्या अज्जांचे. त्यांनी भर वरातीत वाद्य खाली ठेवलं. हा अल्बम त्यांना.'

"अनू, मी ठेवलं नाही," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. उंबऱ्यावरचा तो शब्दसुद्धा.

तन्वीनं गाणं बंद केलं.

"मग तुम्ही काय करत होतात?" अनूनं विचारलं.

"वाजवत होतो."

अनूनं माझ्या हातातलं कव्हर काढून घेतलं. "मी बाबांना म्हणाले होते, अज्जांसारखे व्हा," ती म्हणाली. "झालेच की ते तुमच्यासारखे."

उठताना म्हणाली, "कव्हरं सगळी छापून झालीत. खोडणार कोण?"

"मी."

"पांढरं लावू नका. खोडलेलं दिसलं पाहिजे."

तन्वीनं खोकं आणून दिलं. अनू आली नाही, तिचा फोनही नाही. मी रोज सकाळी काळं पेन घेऊन बसतो. 'अज्जांचे' खोडतो, वर 'रघूचे' लिहितो. पुढच्या ओळीत 'त्यांनी' आहे. तेही खोडतो. 'रघूनं.' शेवटच्या ओळीतही रघू. अक्षर वाकडं येतं. येऊ दे.

काल मुलानं बघितलं. "अप्पा, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?"

मी म्हटलं, "साडी घरात नेसवली नव्हती."

शनिवारी दुपारी चार वाजता एचएसआर लेआउटला त्यांचा कार्यक्रम आहे. तन्वीला विचारलंय, पहिल्या गाण्याआधी मी माइकवर जाणार आहे. व्यापाऱ्याचं सांगणार, माझं सांगणार, तो शब्द होता तसाच सांगणार. अनूनं माझ्याकडे बघावं असं काही नाही. माफ करायचा हक्क रघूचा होता, आणि त्याला मी शोधलंच नाही.

ट्रम्पेट अजून माझ्याकडे आहे. तन्वी म्हणाली होती, घेऊन या.

नाही नेणार. त्या दिवशी तोंडात तेच होतं.