शकूचं खुरपं

मुलुंडच्या एका सोसायटीत अंबादास माळीकाम करतो. खरं तर गुलाबांपेक्षा त्याचा जीव हत्यारांवर जास्त. दर शनिवारी जेवण झालं की तो पंपाच्या खोलीपाशी मांडी ठोकून बसतो. कोयता, कात्री, खुरपी पुढ्यात. आधी कानस, मग पाणी सोडून दगडावर पातं घासायचं, शेवटी गोडेतेलाचं बोट फिरवायचं. बोथट कात्रीनं फांदी चावणाऱ्याला तो माणसात धरत नाही, आणि तसं ऐकवल्याशिवाय सोडतही नाही.

सगळ्यांत शेवटी तो शकूचं खुरपं हातात घेतो. शकू त्याची बायको. याच बागेत त्याच्या बरोबरीनं तण निंदायची. दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली, आणि तेव्हापासून ते खुरपं कुणी मातीला लावलेलं नाही. तरी दर शनिवारी अंगठा फिरवावा तर धार गेलेली. मुंबईची हवा लोखंड खाते, हे अंबादासला ठाऊक आहे. पण गंजानं गेलेली धार वेगळी आणि कामानं गेलेली वेगळी, हेही त्याला कळतं.

बौद्धाच्या घरात भूतबीत नसतं, असं वस्तीतल्या पोरांना दम देऊन सांगणारा हा माणूस. त्यामुळे त्या आवाजाचं बोलायची सोय नव्हती. भर दुपारी, सोसायटी सुस्तावली की तगरीच्या कुंपणामागून खुरपल्यासारखा आवाज यायचा. खर्र, खर्र. उठून बघावं तर कुणी नाही. गवत जिथल्या तिथं.

एका शनिवारी त्याची मुलगी दीप्ती डबा घेऊन आली. पवईला ऑफिसात जाणारी, बोलायला फटकळ. तिनं खुरपं उचलून पाहिलं. तळव्याएवढं रुंद पातं झिजून दोन बोटं उरलं होतं. "हवा खाते लोखंड," अंबादास म्हणाला.

"बाबा, हवा नाही, तुम्हीच खाताय हे. अजून घासलंत तर काय राहणार? आईच्या हातचं एवढंच आहे ना आपल्याकडे?"

अंबादासनं कानस खाली ठेवली. त्यानं खुरप्याला तेल चोपडलं, फडक्यात गुंडाळलं आणि फळीवर ठेवून दिलं.

आवाज थांबला नाही. बदलला. पूर्वी कसा झरझर, मोकळा यायचा. आता अडखळत यायला लागला. मुळाशी झटापट करावी, दम लागून थांबावं आणि पुन्हा हात घालावा, तसा. अंबादासनं डबा उचलला. तो जेवायला पुढच्या गेटपाशी जाऊन बसला, तर आवाज तिथंही आला.

महिन्याभरानं दीप्ती पुन्हा आली, तेव्हा फडकं सुटून पडलं होतं आणि बाप खुरप्यावर कानस चालवत होता. ती चिडलीच. त्यानं मान वर केली नाही.

"बोथट खुरप्यानं राबतेय गं तुझी आई. मला ऐकवत नाही."

दीप्तीनं कान दिला. तिला पंपाची घरघर तेवढी ऐकू आली.

"आणि हे संपलं म्हणजे?" तिनं हळूच विचारलं.

"संपलं की सुटेल ती," अंबादास म्हणाला. "मग मी आहेच एकटा."

त्यानं पातं दगडावर बरोबर टेकवलं. दीप्तीनं डबा बाजूला ठेवला, शेजारी बसली आणि तांब्यातून दगडावर पाणी सोडू लागली.