मोठ्या बाबांचे धक्के

माझ्या बायकोच्या मोठ्या बाबांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे आयुष्यात दुसऱ्या कुणी दिले नाहीत. आणि आपण कुणाला धक्का दिला आहे, याचा त्यांना कधी पत्ताही नसायचा. मोठे बाबा म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. लाखनीजवळच्या एका राईस मिलचे ते व्यवस्थापक होते आणि लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी त्यांच्या हाताखाली कामाला लागलो. पहिल्या दिवशी घरून निघताना "जवाईबापू, पोटभर जेवले ना तुमी?" असं तीनदा विचारून त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. मिलच्या फाटकातून स्कूटर आत शिरली आणि ते म्हणाले, "उतर. आता सांजवरी तू माहा जवाई नाही." मी उतरलो आणि स्कूटरच्या मागे चालू लागलो.

त्यांच्या खोलीत खुर्ची होती, तिच्यावर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा. स्वतः ते रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसत. "खुर्चीवर बसलं का मानसाले आयकू कमी येते," हे त्यांचं शास्त्र. एकदा बॉयलरवाला आणि हमालांचा मुकादम यांचं भांडण हाणामारीपर्यंत आलं. आता दोघांची खरडपट्टी निघणार म्हणून अख्खी मिल कान टवकारून बसली. मोठ्या बाबांनी दोघांना खोलीत नेलं, आपला डबा उघडून एकाच ताटलीत वाढला, दोघांच्या मधे ठेवला आणि बाहेरून दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं दोघं वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झाल्याबद्दल एकमतानं तक्रार करत बाहेर आले. भांडण कशावरून होतं, असं मी मोठ्या बाबांना विचारलं. "मले काय मालूम? मी इचारलंच नाही," ते म्हणाले. एकदा मी सिहोऱ्याला जायचा ट्रक भलतीकडे पाठवला, तेव्हा ते माझ्यावर चारचौघांत ओरडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना गोळा करून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "काल मी याच्यावर सगळ्यांसमोर वरडलो, ते चुकलं. म्हनून माफीबी सगळ्यांसमोर. चूक याचीच होती, ते वेगळं." या माफीनं खूश व्हावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मालकानं मिल विकायला काढली. नवा मालक कुणाला ठेवेल, कुणाला काढेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. कामगार घोळक्याघोळक्यानं कुजबुजू लागले. तांदूळ निवडणाऱ्या अकरा बायकांची शेड तर आठवडाभर मुकी होती. मी दोन पानी भाषण लिहिलं: घाबरू नका, एकाचंही काम जाणार नाही. मोठ्या बाबांनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"हे तुले कोनं सांगतलं?"

"कुणी नाही. पण लोकांना धीर द्यायला हवा ना."

"जे तुले ठाऊक नाही ते सांगून काहून राहिला? आज धीर देशीन, उद्या तेच लोक तुह्या तोंडाकडे पायतीन." माझी दोन्ही पानं त्यांनी घडी करून मला परत दिली आणि सगळ्यांना धान वाळवायच्या अंगणात बोलावलं.

"मालक मिल इकून राहिला," ते म्हणाले. "कोन राहीन, कोन जाईन, मले ठाऊक नाही. ज्या दिवशी समजन त्याच दिवशी सांगीन. आन खरं सांगतो, मलेबी भेव वाटून राहिला."

ज्याला पाहून ट्रकवाले बिडी विझवत, तो माणूस सत्तर जणांसमोर भ्यायलो म्हणत होता. आता गोंधळ होणार, याची मला खात्री होती. पण कुणी जागचं हललं नाही. मग निवडणाऱ्यांतल्या सर्वांत जुन्या सुमित्राबाई म्हणाल्या, "तुमालेबी भेव वाटते, साहेब?"

"वाटते ना. तीन दिवस झाले, जेवन जात नाही."

"मंग उभे कायले? बसा आमच्यासंग." त्या सरकल्या, मोठे बाबा खाली बसले. त्या दुपारी मिलमध्ये धानाचा एक दाणा भरडला गेला नाही. लोक बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर कामावर हजर.

पुढचे दोन महिने त्यांनी मला रोज तासभर बायकांच्या शेडमध्ये बसवलं. "तुहं काम निस्तं आयकाचं." पहिल्याच दिवशी मी चार सल्ले देऊन आलो. ते कानावर गेल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला आणि मला परत पाठवलं.

नवा मालक आला. हमाल राहिले, यंत्रावरची माणसं राहिली, आम्ही दोघंही राहिलो. मात्र तांदूळ निवडणारं यंत्र येणार होतं. त्या अकरा जणींचं काम गेलं. फळ्यावर सूचना लावू, असं मी सुचवलं. मोठ्या बाबांनी स्कूटर काढली. दोन दिवस ते घरोघर हिंडले, मी मागे बसून. सुमित्राबाईंनी त्यांना तासभर झाडलं. "एवढ्या वर्सांचे आमी. तुमी राहिले, आमी गेलो." हा निर्णय माझा नाही, एवढं तरी ते म्हणतील, म्हणून मी वाट पाहत होतो. ते फक्त "खरं हाय, बाई" म्हणत राहिले. शेवटी सुमित्राबाईंनी चहाचा कप आवाज करत त्यांच्यापुढे ठेवला. तो त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

पुढे त्यांतल्या पाच जणींनी मिळून हायवेच्या कडेला मुरमुऱ्यांचं दुकान टाकलं. बाकीच्या भाताच्या रोवणी-कापणीला जातात. सुमित्राबाई दुकानात असतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. मोठे बाबा नोकरी सोडून आसगावला शेतावर राहतात, आणि मिलमध्ये त्यांच्या जागी मी आहे. पण मला राहून राहून आठवते ती सुमित्राबाईंच्या घरून निघाल्यानंतरची वाट. तलावाच्या काठच्या पाळीवर मोठ्या बाबांनी स्कूटर थांबवली, खाली बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घालून रडू लागले. आजवरचे सगळे धक्के त्यापुढे काहीच नव्हते. चांगलीचांगली वाक्यं माझ्या ओठांवर आली होती. ती मी गिळली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पाण्यात बगळे उभे होते. मग त्यांनी तोंड पुसलं, चष्मा लावला आणि उठता उठता म्हणाले, "आजून तीन घरं बाकी हायेत."