दिल्लीकाकांचा अभिप्राय

दिल्लीकाकांना मत विचारून ते मिळालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. चहात साखर किती घालू, असं विचारलं तरी ते म्हणत, "आमच्या सौ.ना विचारलंत का? माझी शुगर त्या सांभाळतात." सुरतेच्या भेस्तान भागातल्या आमच्या सोसायटीत काही जण त्यांना हसत. मीही हसलो आहे.

काका सुरतेतल्याच पांडेसऱ्याच्या एका डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, राबणाऱ्या खानदेशी कामगाराचे चिरंजीव. परीक्षा देऊन दिल्लीला गेले आणि मंत्रिमंडळापुढे जाणारे कागद तयार करणाऱ्या केंद्र सरकारच्या कचेरीत सगळी नोकरी करून सुरतेला परतले. आमच्या लोकांना वाटे, आता आतल्या बातम्या कळणार. लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी खोदून विचारीच. काका शांतपणे म्हणत, "बैठकीतलं बैठकीत राहतं. जेवा, भाजी गार होतेय."

कामाची पद्धत मात्र ते रंगून सांगत. प्रस्ताव आणायचा तो एखाद्या खात्याने. ही कचेरी स्वतःसाठी काही मागत नाही. ज्या ज्या खात्याला त्याची झळ पोचणार, त्या सगळ्यांकडे तो आधी फिरवायचा. मतभेद निघाले तर दोन्हीकडच्या सचिवांना एका टेबलाशी बसवायचं. तरीही मिटलं नाही, तर विरोध त्याच खात्याच्या शब्दांत टिपणीला जोडायचा आणि मगच विषय मंत्र्यांपुढे ठेवायचा. "विरोध आपल्या शब्दांत लिहिला की मऊ पडतो," काका म्हणत, "आणि मऊ विरोध वाचून घेतलेला निर्णय पुढे उसवतो." एका बड्या मंत्रालयाची टिपणी म्हणे त्यांनी एवढ्याचसाठी तीनदा परत पाठवली होती. कोणत्या, ते अर्थातच सांगितलं नाही.

मी बँकेत आहे, आणि आमच्या खानदेशी मंडळाचा चिटणीस. मंडळाची कागदपत्रं निवृत्तीनंतर काकांनी हौसेने अंगावर घेतली होती. पांडेसऱ्यात मंडळाचा एक हॉल आहे. एकदा तिथून घरी परतताना काका म्हणाले, "इथे मुलांसाठी अभ्यासिका व्हायला हवी. चाळीच्या जिन्यात बसून मी परीक्षेची तयारी केली, तेव्हापासून डोक्यात आहे." न विचारता त्यांनी सांगितलेलं हे एकच मत. लगेच सावरून म्हणाले, "पण प्रस्ताव तू आण. कागद मी फिरवणार, मग मागणाराही मीच कसा होऊ? माझं नाव कुठे येता कामा नये."

मी झोकात दोन पानं लिहून नेली. काकांनी ती वाचली आणि विचारलं, "दुपारी हॉलमध्ये कोण असतं?"

"साड्यांना टिकल्या लावणाऱ्या बायका बसतात."

"त्यांना विचारलंस?"

"काका, त्या कुठे मंडळाच्या सभासद आहेत?"

काका माझ्यावर चिडले, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. "झळ त्यांना, आणि अभिप्राय फक्त सभासदांचा?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः हॉलमध्ये सतरंजीवर जाऊन बसले. तिथल्या सगळ्यांत जुन्या सुमनबाई. त्या आपल्या अहिराणीत बोलत गेल्या, काका लिहीत गेले. "मना मालक रातपाळी करीसन येतस नि दिनभर झोपेल ऱ्हातस. खोली एकच शे. भांडं वाजनं तरी उठी बसतस. पोरेस्ना अभ्यास व्हवालेच पाहिजे, पन मंग आम्ही कोठे बठूत?"

"हे जरा शुद्ध मराठीत करून घेऊ," मी सुचवलं.

"कानामात्रेलाही हात लावायचा नाही," काका म्हणाले.

वेळ वाटून घेता येईल का, हेही त्यांनी मला आणि सुमनबाईंना समोरासमोर बसवून पाहिलं. मुलांच्या शाळा सकाळच्या आणि संध्याकाळी हॉल कार्यक्रमांना लागतो, म्हणजे त्यांनाही दुपारच हवी. आणि साड्या पसरल्या की हॉलमध्ये पाऊल टाकायला जागा उरत नाही. काही जमलं नाही.

सभेत काकांनी आधी माझा प्रस्ताव वाचला, मग त्याच आवाजात, तितक्याच ठसठशीतपणे, सुमनबाईंचं म्हणणं वाचलं. समोरच्या बहुतेकांनी कधी ना कधी रात्रपाळी केलेली. अध्यक्षांनी विचारलं, "काका, तुम्ही सांगा, काय करावं?" त्यांच्या एका शब्दावर अभ्यासिका झाली असती, एवढा त्यांना मान होता. "माझं काम दोन्ही बाजू तुमच्यापुढे ठेवण्याचं," काका म्हणाले. हात वर झाले. दुपारी हॉल बायकांकडेच राहील, असं ठरलं. काकांनी ते एका ओळीत इतिवृत्तात उतरवलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं.

वाटेत मला राहवलं नाही. "एक शब्द बोलला असतात, तर?"

"मग पुढच्या वेळी सुमनबाईंनी मला खरं सांगितलं असतं का?" काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी बायका बसतात त्या कोपऱ्यात ते नवी ट्यूबलाइट लावून घेत होते. ठरलंय ते नीट पार पाडायचं, एवढंच म्हणाले. अभ्यासिका अजून झालेली नाही.

यंदा काका गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. मोठी माणसं त्यांच्या दिल्लीबद्दल बोलली. शेवटी सुमनबाई उठल्या.

"काका आमना बाजूना व्हतात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "या चिटणीसभाऊनी आमनी जागा मांगेल व्हती. काका व्हतात म्हनीसन आम्ही वाचनूत."

सगळा हॉल माझ्याकडे बघू लागला. अभ्यासिका कोणाला हवी होती, ते मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. पण मला काकांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मी उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "खरं आहे, बाई. जागा मीच मागितली होती."