दगड लागला प्रश्न विचारणाऱ्याला

निवृत्त झालो, पण ती एक केस काही डोक्यातून जात नाही. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यामागच्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, एका तरुणाचं डोकं दगडाने फुटलं. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पाकीट आणि मोबाईल जागेवर, म्हणजे लूटमार नव्हती. गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, कामगारांचे जबाब घेतले. सगळ्यांनी कानावर हात ठेवले.

जखमी मुलगा अकोल्याच्या वकिलाचा. तो मॅनेजमेंट कन्सल्टंट होता, म्हणजे डबघाईला आलेला कारखाना कसा सावरायचा हे मालकाला सांगणारा. महिनाभर तो रोज मशीनजवळ उभा राहून कामगारांना प्रश्न विचारत होता.

खबर दिली पानठेलेवाल्याने. "साहेब, गाडी त्याले दवाखान्यात न्याले यायची होती, त्याच्या आंधीच कारखान्यातला एक फिटर खर्रा घ्याले आला. म्हणे, डोक्याले दगड लागला तं माणूस मरते का?"

फिटरला ठाण्यात बोलावलं. बसवलं, चहा दिला. निरपराध माणूस ठाण्यात आला की आधी स्वतःचं विचारतो, मला कशाला आणलं म्हणून. याने पहिला प्रश्न केला, "तो पोरगा कसा हाय?" मला आणखी काही विचारावंच लागलं नाही.

"रोज इचारे साहेब," तो सांगू लागला, "इथं किती माणसं लागते, दोघांचं काम एकटा करते का. आमच्या पोटावर पाय द्याले आला होता तो. पोराची फी, बायकोचं दवापाणी, सारं त्याच पगारावर. डोकंच फिरलं माझं."

"आणि मालकासोबत दुसरा एक यायचा असं ऐकलं, सुटाबुटातला, तो?" मी विचारलं.

"तो भला माणूस. कोणाले काहीच इचारलं नाही. मालकासंग फिरला, चहा पेला, गेला."

तो भला माणूस मला दवाखान्यात भेटला. जखमीचाच कॉलेजातला मित्र, मुंबईत इन्व्हेस्टमेंट बँकर. मी सरळ विचारलं, तुम्हा दोघांच्या नोकरीत फरक काय?

"काका, मी कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवतो," तो म्हणाला. "कारखाना विकायला मालकाने मला बोलावलंय. हा म्हणतो, विकू नका, सुधारा. झोप दोघांनाही मिळत नाही. हा आज या गावात, उद्या त्या गावात हॉटेलात राहणार, मी ऑफिसातच पहाट पाहणार. पण मला कामगारांशी बोलावं लागत नाही, म्हणून मला कोणी दगड मारत नाही." आणि हसला.

मला त्याचा संताप आला. पण त्यात बेकायदा काही नव्हतं, आणि तो रोज मित्राच्या उशाशी बसत होता, हेही खरं.

कन्सल्टंटचं काम अर्धवट राहिलं. मालक थांबला नाही, सौदा झाला. घेणाऱ्याला जागा हवी होती. मशीनं उचलून नेली, तिथे गोदाम झालं. सगळे कामगार घरी बसले.

आता ओळखीतली पोरं या दोन्हींतली कोणती लाइन घेऊ म्हणून विचारतात, पगाराची तुलना करतात. मी म्हणतो, बाबांनो, पगाराचं मला कळत नाही. एकात ज्यांचं नशीब ठरवता त्यांच्या तोंडासमोर उभं राहावं लागतं, दुसऱ्यात नाही. तुम्हाला काय झेपतं ते बघा. मी तरी जन्मभर समोर जाऊन प्रश्नच विचारले, आणि लोकांच्या भीतीचा राग अशा माणसावरच निघतो हे या केसमध्ये शिकलो.

जामिनावर सुटलेला फिटर पुढे कोर्टाच्या आवारात भेटला.

"साहेब, त्या पोराचं ऐकलं असतं तं कारखाना राह्यला असता का?"

"काही माणसं गेली असती, काही राहिली असती."

"मी कोणात असतो?"

मला ठाऊक होतं. जबाब देताना त्या मुलाने मला सांगितलं होतं, या फिटरला काहीही झालं तरी कामावरून काढू नका, याच्याशिवाय ती मशीनं चालायची नाहीत, असं तो हल्ल्याच्या आदल्याच दिवशी मालकाला सांगून आला होता.

फिटर माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी म्हटलं, "पुढच्या तारखेला वेळेवर ये."