गव्हर्नरांना तिकीट मिळालं असतं तर

अमेरिकेत दर चार वर्षांनी अध्यक्षपदाची निवडणूक होते, हा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. निवडणूक एकदाच झाली, ती बऱ्याच वर्षांपूर्वी झाली, आणि माझ्या मेव्हणीच्या सासऱ्यांच्या दृष्टीने ती अजून आटोपलेली नाही. मतमोजणीबद्दल त्यांची काडीचीही तक्रार नाही. "मोजलं अगदी बरोबर. उभा चुकीचा माणूस केला," असं त्यांचं म्हणणं. पक्षाने ज्याला तिकीट दिलं तो पडला. त्याऐवजी मिडवेस्टमधल्या एका गव्हर्नरांना दिलं असतं तर आज जग वेगळं असतं, पेट्रोल, हवामान आणि या सासऱ्यांच्या धाकट्या मुलाचं करिअर यांच्यासकट. त्या गव्हर्नरांचं नाव घ्यायची घरात कधी गरज पडत नाही. नुसतं 'गव्हर्नर' म्हटलं की पुरे. इतर एकोणपन्नास राज्यांनाही गव्हर्नर आहेत ही गोष्ट त्यांनी फारशी मनावर घेतलेली नाही.

मी पहिल्यांदा व्हिसावर आलो तेव्हा नेवार्कच्या विमानतळावर मला न्यायला तेच आले होते. मेव्हणीचे सासरे म्हणजे नात्याने तसे लांबचे, पण न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसर गावात लांबचं नातं असं काही नसतंच, एकाच होलसेल दुकानातून तांदळाचं पोतं उचलणारे सगळे घरचे. मी त्यांना काका म्हणतो. पाया पडायला वाकलो, आणि वाकलेला असतानाच कानावर प्रश्न आला, "ओहायोबद्दल काय मत आहे तुझं?" अठरा तासांच्या प्रवासाने माझं स्वतःबद्दलही काही मत उरलं नव्हतं. मी म्हटलं, "चांगलं असेल." तेवढ्या आधारावर त्यांनी घरापर्यंतचा सगळा रस्ता मला आपल्या बाजूचा धरला आणि हायवेवरून उतरायचं एक एक्झिट चुकले.

काका सरकारी नोकरीत पुलांचे इंजिनिअर होते. बसणं हा प्रकार त्यांना माहीत नाही. जेवताना एक घास घेतात आणि टेबलाला फेरी मारून येतात. टीव्ही दारात उभं राहून बघतात. बोलता बोलता मोज्यांनिशी अंगणात जातात आणि शेजाऱ्याच्या हिरवळीवरून परत येतात. जेवणाच्या ताटात त्यांनी कितीदा अमेरिका मांडली असेल! पुरी म्हणजे पेनसिल्व्हेनिया, बटाट्याची भाजी म्हणजे कधी या पक्षाकडे, कधी त्या पक्षाकडे झुकणारा ओहायो, श्रीखंड कॅलिफोर्नियाच्या जागी, कारण "ते आपलंच आहे, त्याची काळजी नाही." मग ते चमच्याने भाजी हळूच इकडून तिकडे सरकवतात आणि म्हणतात, "एक खांब. फक्त एक खांब बदलला असता तर पूल पडला नसता." त्यांची नात एकदा न राहवून ओरडली, "आजोबा, इट्स ओव्हर! जस्ट ईट ओहायो!" त्यांनी खाल्लं. पण खाताना चेहरा असा होता की मी माझी भाजी ताटाच्या कडेला सारली.

एकदा त्यांच्या पाठीचा एमआरआय होता. अर्धा तास हलायचं नाही, असं सांगितल्यावर काकूंनी आधीच हात टेकले होते. पण काका त्या नळीत दगडासारखे पडून राहिले. बाहेर आल्यावर टेक्निशियन मुलगी कौतुक करणार तोच ते उठून बसले, "सापडलं! उपाध्यक्षपदासाठी बाई द्यायला हवी होती, दक्षिणेतली!" त्या मुलीने रिपोर्टवर काय लिहिलं कोण जाणे. सत्यनारायणाच्या पूजेतही तेच. गुरुजी कथा सांगत होते, साधुवाण्याची मुलगी प्रसाद न घेता धावली आणि नाव बुडाली. सगळे डोळे मिटून हात जोडून बसलेले. काका मागे फेऱ्या घालत होते. थबकले. "बघा गुरुजी, प्रसाद वेळेवर घेतला असता तर नाव बुडली असती का? नाही ना? मी इतकी वर्षं काय सांगतोय?" गुरुजी एडिसनहून आलेले, त्यांना पुढची पूजा गाठायची होती. ते म्हणाले, "अगदी बरोबर," आणि पाचवा अध्याय उरकला. गुरुजींचा पाठिंबा आहे, हे काका पुढे सहा महिने सांगत होते.

नायगारा बघायला म्हणून काकूंना घेऊन निघाले, तेव्हा वाट वाकडी करून ओहायोतल्या एका गावात गेले. पेट्रोल पंपावर, न्याहरीच्या दुकानात, टायरवाल्याकडे विचारत सुटले, "गव्हर्नरांना तिकीट मिळालं असतं तर तुम्ही मत दिलं असतं?" बहुतेकांनी विचारलं, "कोण?" काकांनी वहीत लिहिलं, 'मन वळण्यासारखं आहे.' नायगारा त्यांनी वीस मिनिटांत उरकला. काकू म्हणाल्या, "धबधब्यापुढे उभे होते हो, पण पाठ करून. माणसं बघत होते, कोण कुठल्या राज्यातलं ते."

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. माझी बायको त्यांची नक्कल इतकी झकास करायची की एकदा खुद्द काकाच दारात उभे राहून ऐकत होते आणि म्हणाले, "पेनसिल्व्हेनियाचा मुद्दा राहिला."

एका गणपतीत आम्ही मोदकाची उकड काढत होतो. बाहेर काका दोन कार्डिऑलॉजिस्टना धरून उभे होते. मी सहज काकूंना म्हटलं, "काकू, या गव्हर्नरांशी काकांचं असं काय नातं आहे हो? इतके उमेदवार पडतात." काकूंनी झाकण ठेवलं आणि हात पुसत जे सांगितलं ते मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

काका तीसएक वर्षं ग्रीन कार्डवर होते. बरोबरीचे सगळे केव्हाच सिटिझन झाले. काका भारताचा पासपोर्ट सोडायला तयार नव्हते. फॉर्म आणायचे, कपाटात ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, बघू. मग हे गव्हर्नर पक्षाच्या तिकिटासाठी उभे राहिले. न्यू जर्सीत भाषणाला आले, तेव्हा काका ऐकायला गेले आणि घरी येऊन म्हणाले, "याला मत द्यायचं." महिनोन्‌महिने अर्ज मंजूर व्हायची वाट पाहिली, इंटरव्ह्यू दिला, शपथ घेतली. मंगळवारी शपथ झाली. शुक्रवारी गव्हर्नरांनी माघार घेतली. पक्षाचा उमेदवार राज्यं एकामागून एक मत देऊन ठरवतात, आणि आमच्या न्यू जर्सीची पाळी येते जूनमध्ये, तोवर बाकीच्या राज्यांनी जेवून हात धुतलेले असतात. "ज्या माणसासाठी पासपोर्ट दिला, त्याला मत द्यायचा दिवसच उगवला नाही ह्यांच्यासाठी," काकू म्हणाल्या. "तीन दिवस जेवले नाहीत. चौथ्या दिवशी उठले ते बोलायलाच लागले. अजून बोलतायत." आणि त्यांनी उकडीत हात घातला, चटका बसला तरी.

त्यानंतर त्यांच्या ताटातला ओहायो पाहून मला पूर्वीसारखं हसू येईना.

गेल्या वर्षीची गोष्ट. ते गव्हर्नर आता निवृत्त झालेत, त्यांनी आपल्या राज्यातल्या नद्यांवर एक पुस्तक लिहिलंय आणि त्यावर बोलायला ते आमच्या शेजारच्या गावातल्या लायब्ररीत येणार, असं काकांच्या कानावर आलं. सकाळी सातला त्यांचा फोन, "ड्राइव्ह तू कर. मला वाटेत मुद्दे वाचायचेत." कार्यक्रम दुपारी तीनला होता. आम्ही साडेबाराला पोचलो. काकांनी लग्नातला सूट घातला होता, काखेत फाइल होती. फाइलमध्ये तीन नकाशे आणि अकरा मुद्दे. पार्किंगमध्ये त्यांनी इतक्या फेऱ्या मारल्या की एका बाईंनी त्यांना गाडी सापडत नाही का, असं विचारलं.

आत चाळीसेक खुर्च्या होत्या, निम्म्या रिकाम्या. गव्हर्नर म्हणजे एक उंच, वाकलेले, स्वेटर घातलेले म्हातारे. ते मासे आणि गाळ यांबद्दल फार सुरेख बोलले. काका मागच्या भिंतीशी उभे. मग सहीसाठी रांग लागली. आमची पाळी आली. मी मनात म्हटलं, आता अकरा मुद्दे. काकांनी फाइल उघडली, बंद केली, आणि इंग्रजीत एवढंच म्हणाले, "सर, मी तुम्हाला मत देण्यासाठी या देशाचा नागरिक झालो."

गव्हर्नरांचं पेन थांबलं. "आणि दिलंत?"

"तुम्ही त्याच आठवड्यात माघार घेतलीत."

ते म्हातारे टेबलाला धरून उभे राहिले. काकांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "आय ॲम सॉरी," ते म्हणाले. "मी थोडं आणखी टिकायला हवं होतं."

मागे रांगेत माणसं होती. काकांना तेवढ्यात विचारायचं ते विचारता आलं, "तुम्ही जिंकला असतात ना?"

गव्हर्नर हसले. "माझी बायको म्हणते, हो. मला विचाराल तर मी याहून वाईट हरलो असतो. मी फार थकलो होतो हो. माघार घेतली त्या दिवशी घरी गेलो आणि चौदा तास झोपलो. कित्येक महिन्यांत इतकी शांत झोप लागली नव्हती."

गाडीत मी वाट पाहत होतो की ते आता म्हणतील, पाहिलंस, किती नम्र माणूस, असाच माणूस जिंकतो. हायवे लागला. मग अगदी हळू म्हणाले, "ते झोपले होते रे. आणि मी जागा होतो."

त्या दिवसापासून घरात गव्हर्नर बंद झाले. कुणी मुद्दाम काढलं, "काका, दुसरा उमेदवार असता तर?" तर ते म्हणायचे, "असेल. वडा घे." पुरी पुरीसारखी खायचे. फेऱ्या मात्र दुप्पट झाल्या, त्या आता नुसत्याच, बोलण्याशिवाय. काकूंनी त्यांचं बीपी तपासून घेतलं, साखर तपासून घेतली, आणि शेवटी मला फोन केला, "तुम्ही येऊन थोडं भांडा हो त्यांच्याशी."

गेलो. गराजमध्ये साबुदाण्याचे वडे तळायची शेगडी मांडून काका तेलाभोवती फिरत होते. मी म्हटलं, "काका, मला वाटतं गव्हर्नर पार आपटले असते. ओहायोत तर डिपॉझिट गेलं असतं." ते म्हणाले, "इथे डिपॉझिट नसतं." एवढंच. मग मी माझंच सांगून बसलो. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं होऊन गेली होती. सिटिझनशिपचा फॉर्म लॅपटॉपमध्ये अर्धा भरून पडला होता. नागपूरला बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुझं तू ठरव." आमच्या घरात याचा अर्थ 'नको' असा असतो. रात्र-रात्र चुळबुळ करत होतो. "काका, पक्कं कारण सापडत नाही. सापडलं की भरून टाकीन."

काकांनी शेगडी बंद केली. "कारण शोधू नकोस," ते म्हणाले. "मी शोधलं होतं. फार मोठं कारण होतं. ते शुक्रवारी निघून गेलं आणि मी इथेच राहिलो. तीस वर्षं राहत होतोच की इथे. पूल तपासत होतो, पोरं शाळेत जात होती. त्या तीस वर्षांकडे पाहून सही केली असती तर..." वाक्य अर्धं सोडून ते वडे मोजायला लागले, आणि चुकले, आणि पुन्हा मोजायला लागले.

मी फॉर्म भरला. कारण असं काही लिहावं लागत नाही त्यात, हे तेव्हा कळलं.

शपथविधीला माझी बायको, काकू आणि काका आले. नेवार्कच्या सरकारी इमारतीतला तो मोठा हॉल, किती देशांची माणसं, किती तऱ्हांचे सूट. अधिकारी बाईंनी सांगितलं, उभे राहा, उजवा हात वर करा. शपथ लांबलचक आहे. जुन्या राजांवरच्या, जुन्या राज्यांवरच्या निष्ठा एकेक करून सोडायला लावतात. मध्येच मी मागे वळून पाहिलं. पाहुण्यांच्या रांगेत सगळे बसलेले, आणि काका एकटे उभे. उजवा हात वर. ओठ हलत होते. काकू कोट ओढत होत्या, "अहो, बसा, तुमचं झालंय." ते बसले नाहीत. शेवटच्या शब्दापर्यंत बोलले.

बाहेर आलो. काका म्हणाले, "मागच्या वेळी माझं लक्षच नव्हतं रे. हात वर होता, पण डोक्यात हिशोब चालू होता, कुठलं राज्य कधी मत देणार. केवढं सोडायला लावतात! मला ऐकूच आलं नव्हतं." मग विचारलं, "बाबांना फोन केलास?"

केला नव्हता. त्यांनी मला पायऱ्यांवर उभं केलं आणि नंबर लावायला लावला. बाबांनी उचलला, "हॅलो" म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"नमस्कार, मी तुमच्या सुनेच्या बहिणीचा सासरा बोलतोय. हो, हो, झालं आत्ताच. पोरगा तुमचाच आहे अजून, काळजी करू नका. जरा रडतोय, म्हणून मी बोलतोय."

पलीकडून बाबा काहीतरी म्हणाले. काका हसले. मग नागपूरच्या उन्हाळ्याची चौकशी झाली, संत्र्यांची झाली, बाबांच्या गुडघ्याची झाली. काकू माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या वेळी तिकडे फोन उचलणारं कुणी राहिलं नव्हतं." वारा बोचत होता, पार्किंगची वेळ संपत आली होती. काका पायरीवर बसून माझ्या वडिलांशी बोलत होते, आणि आम्हा तिघांपैकी कुणीही त्यांना चला म्हटलं नाही.