भात कोण खातो?

चांदा जिल्ह्यात, मोहर्लीच्या अलीकडच्या एका गावात मी मास्तर होतो. महाराष्ट्र अजून व्हायचा होता. शाळा सुटली की मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग घ्यावा लागे. अक्षरं गिरवून लोक कंटाळायचे, म्हणून मी त्यांना मोठे प्रश्न घालू लागलो. जे दिसत नाही ते असतं का? आपल्याला कळलंय हे कशावरून? तत्त्वज्ञान मी नुकतंच शिकलो होतो आणि ते कुणावर तरी चालवून पाहायचं होतं.

वर्गात तळ्यात मासे धरणाऱ्या एका ढिवराची विधवा यायची. नवऱ्याला तळ्याच्या वाटेवर वाघानं नेलं होतं. वाघानं माणूस मारलेल्या जागी त्या भागात येणारा-जाणारा एकेक फांदी टाकतो, तिथं ढीग साचतो. मेलेला तिथंच राहतो, त्याच्या माणसांची हेळसांड झाली तर वाघ होऊन घरी येतो, असं मानतात. त्या ढिगापाशी ती रोज सकाळी द्रोणात भात ठेवायची. संध्याकाळी द्रोण रिकामा.

"भात कोण खातो?" मी भर वर्गात विचारलं.

"माहे मालक, गुरुजी."

"तू पाहिलंस?"

"देवाले तरी तुमी कुठी पाह्यलं?"

वर्ग हसला. उत्तर चांगलं होतं. मला तेच सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी द्रोणाभोवती चुलीतली राख पसरली. संध्याकाळी सगळा वर्ग तिथं नेला आणि तिला वाकून बघायला लावलं.

"कोणाचे पाय?"

मी पुन्हा विचारलं.

"कुत्र्याचे."

"वयनी, भाऊले शेपूट फुटलं न वो!" तिचा दीर मागून ओरडला. सगळे हसले. मीही हसलो, आणि पुरावा म्हणजे काय ते तिथंच समजावून सांगितलं.

त्या निपुत्रिक बाईला दीर घरात ठेवत होता तो फक्त मेलेल्या भावाच्या धाकानं. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे, मी विचारलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत लोकांनी ढीग सरपणाला नेला. पहिला भारा दिरानं उचलला. मग तिचं गाठोडं दाराबाहेर आलं.

वर्ग चालू असताना ती येऊन दारात उभी राहिली.

"गुरुजी, तुमचा सवाल सुटला. आता माहा सांगा. मी राहू कुठी?"

दीर समोरच बसला होता, पाटीत मान घालून. त्याला उठवून चार माणसांत जाब विचारता आला असता. पण त्याच्या घरून मला तळ्याची मासळी यायची.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"करा. बसून विचार कराले जागा हाये तुमाले."

बांबू तोडणाऱ्या टोळीबरोबर ती गडचिरोलीकडे गेली, असं नंतर ऐकलं.

आता मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. दर वर्षी पहिल्या तासाला नव्या पोरांना भाताची आणि राखेची गोष्ट सांगतो. कुत्र्याच्या पावलांपाशी वर्ग खदखदून हसतो. गोष्ट मी तिथंच थांबवतो.