यादीत सगळ्यात वर

छापखान्यातले कॉम्प्युटर तो सांभाळायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, कारण कुणाचं काही बिघडलं की दुरुस्तीआधी तो शिकवणी घ्यायचा. फायलींची दुसरी प्रत ठेवली नाही म्हणून त्याने एकदा मालकालाही झापलं होतं.

ताईच्या घरचा सर्व्हर त्यानेच बसवलेला. सर्व्हर म्हणजे टीव्हीखालच्या कप्प्यातला जुना कॉम्प्युटर. घरातले सगळे व्हिडिओ त्यात. त्याची घरघर वाढली तेव्हा मास्तर नवीन घेऊन आला. ताई म्हणाली, माऊसने ओढून टाक की एकेक. चमच्याने हौद उपसू का, असं विचारून तो काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायला बसला. टार नावाच्या प्रोग्रॅमने सगळ्या फायलींचं एक गाठोडं बांधायचं आणि नव्या मशीनवर नेऊन सोडायचं. हुकुमात आधी गाठोड्याचं नाव, मग आत काय भरायचं ते.

बोलण्याच्या नादात गाठोड्याचं नाव राहिलं. टारने निमूटपणे यादीतली पहिली फाईल हेच गाठोडं मानलं आणि बाकीचं सगळं तिच्यावर ओतलं.

पहिली फाईल आईची होती. मटार सोलताना, "बंद कर ते मेलं" असं तीनतीनदा म्हणत, आई चाळीस मिनिटं बोलली होती. तिचा आवाज तेवढाच उरला होता. ती सगळ्यात वर दिसावी म्हणून ताईने नावाआधी एक आकडा घातला होता.

ती फाईल फुगत चाललेली दिसली तेव्हा त्याला कळलं. आता काही परत येणार नव्हतं. ताई स्वयंपाकघरात होती. त्याने फाईल पुसली, हुकूम पुन्हा नीट टाइप केला आणि चहा घेतला. साखर कमी आहे असंही म्हणाला.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. सगळं दिसतंय, आई तेवढी नाही. डिस्क जुनी होती, कुठेतरी खराब झाली असेल, तो म्हणाला. वाक्य तयारच होतं.

रविवारी तो गेला तेव्हा दार भाओजींनी उघडलं. भाओजी म्हणजे निवृत्त शिंपी. दिवसाला दहा वाक्यं बोलणार, त्यातली चार मांजराशी. त्यांनी त्याला जिन्यातच थांबवलं.

"मागच्या महिन्यात झाडताना माझा धक्का लागला होता त्या मशीनला," ते हळूच म्हणाले. "त्यानेच का रे? हिला विचारायची हिंमत होत नाही."

मास्तर म्हणाला, बघतो.

आत ताईने सांगितलं की हे हल्ली टीव्हीच्या बाजूला फिरकतच नाहीत, झाडू मारायचा तर तेवढा कोपरा सोडून मारतात. त्या कोपऱ्यात खरंच धुळीची रेघ होती. मास्तर त्या रेघेकडे बघत बसला. मग त्याने सगळं सांगितलं, फाईल पुसली तेही, आणि साखरेचंही.

ताईने टीपॉयवरून फडका फिरवला.

"चूक झाली ते समजलं," ती म्हणाली. "पण चहा कसा गेला रे तुझ्या घशाखाली?"

मास्तर उठायला लागला.

"मला सांगून झालं. आता त्यांना सांग. आणि माझ्यासमोर सांग."

तिने हाक मारली. भाओजी आले ते दारातच उभे राहिले, टीव्हीपासून लांब.